हजाराच्या घरातलं शून्य

हे प्रकरण एका वजाबाकीचं आहे. वजाबाकी केली आठवीतल्या एका मुलीनं, चूक काढली मी, आणि शेवटी चूक माझीच निघाली. मी दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. घडलं ते बहुतेक दोन-तीन दिवसांतलं, पण तपशिलात लिहून ठेवतो आहे. देवळालीचे शाळामास्तर आणि आकड्यांचे नादी द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या दर डिसेंबरात कितीतरी शाळांच्या फळ्यावर येते, आणि मी ज्या फटीत पाय घातला ती फट तिथंही तशीच उघडी असणार.

काय घडलं

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवशी दुपारनंतर व्हरांड्यात मुलांची मांडामांड असते. एक बाक म्हणजे एक खेळ. पालक येतात, त्यातले बरेचसे संध्याकाळच्या हर्णैच्या मासळी लिलावाला जायच्या आधी डोकावून जातात. त्यामुळे खेळ असा लागतो की दोन मिनिटांत कळेल आणि तीन मिनिटांत संपेल. ६१७४ त्याला अगदी चपखल. पाच वर्षं मी तो लावत आलो.

खेळ असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान करा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर हेच पुन्हा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ला येता, आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

तालमीच्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना आपापली संख्या घ्यायला सांगितली. कुणी बापाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे घेतले, कुणी दापोली गाडीची वेळ. पाचेक मिनिटांत ‘सर, आलं’, ‘सर, माझंपण आलं’ सुरू झालं. तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

“सर, माझं शून्य आलं.”

मी न बघताच म्हटलं, “वजाबाकी चुकली असेल. परत कर, बाय.”

तिनं परत केलं. परत शून्य. मग शेजारणीकडून करून घेतलं. तेही शून्य. तिच्यासमोर तिच्या आईचा कॅल्क्युलेटर होता, मोठ्या बटणांचा, कोपऱ्यावर चिकटपट्टी लावलेला. आई मासळी घेते आणि पुढे विकते, तो हिशेबाचा कॅल्क्युलेटर आज वर्गात आला होता. मुलगी म्हणाली, “मशिन चुकत नाय हो सर.”

तिची संख्या होती २२१२. कार्यक्रम २२ तारखेला, बाराव्या महिन्यात, म्हणून.

मी फळ्याशी गेलो. २२२१ लिहिलं, खाली १२२२. एककातून नऊ, दशकातून नऊ, शतकातून नऊ, हजारात शून्य. ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. शेवटी ८५३२ वजा २३५८, ६१७४. खडू ठेवला आणि म्हटलं, “बघ.”

ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, ते पहिलं शून्य तुम्ही कुठून आणलं?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि घंटा झाली ते बरं झालं.

तिचं बरोबर का होतं

कॅल्क्युलेटरवर २२२१ वजा १२२२ केलं की पडद्यावर ९९९ दिसतं. ०९९९ कधीच दिसत नाही. तिच्यासमोर तीन नऊ होते. मोठी संख्या ९९९, लहान संख्या ९९९, वजाबाकी शून्य. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट तिनं शब्दशः केली होती. ‘चार घरं कायम ठेवा, रिकाम्या घरात शून्य लिहा’ हे मी सांगितलंच नव्हतं. बाकाशी लावायच्या तक्त्यावरही नव्हतं. मला ते सांगावंसंही वाटलं नव्हतं, कारण मी उभ्या मांडणीत वजाबाकी करणारा माणूस. हातचे घेत घेत हजारात पोचतो, तिथं काही उरत नाही, हात आपोआप शून्य लिहून जातो.

आणखी एक गोष्ट मला घरी जाताना सुचली आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. प्राथमिक शाळेत आपणच सांगतो ना की संख्येच्या डावीकडचं शून्य लिहायचं नाही, त्याला किंमत नसते? ०७ लिहिलं की गुरुजी शून्य खोडतात. ही मुलगी तेच शिकून आली होती, आणि मी फळ्यावर नेमका तो नियम मोडून तिचं खोडून काढत होतो.

इथं एक बारकावा आहे, तो मुलांना समजावताना मला दोन तास लागले. शून्य डावीकडे दोन ठिकाणी येतं. ८८२० वजा ०२८८ यात लहान संख्येच्या पुढचं शून्य टाकलं तरी काही बिघडत नाही. ८८२० वजा २८८ केलं तरी उत्तर ८५३२च. पण जे शून्य *उत्तराच्या* पुढे येतं ते टाकलं की खेळच बदलतो, कारण पुढच्या पायरीला आपण संख्येची किंमत वापरत नाही, तिचे अंक वापरतो. ०९९९ आणि ९९९ किमतीला एकच. पण अंकांचा संच म्हणून एकात चार पत्ते आहेत, दुसऱ्यात तीन. चार पत्ते पिसून लावायचे आणि तीन पिसून लावायचे, हे दोन वेगळे डाव झाले.

मग पाच वर्षं कुणाला का दिसलं नाही

त्या रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. प्रश्न सरळ होता: असा फटका किती संख्यांना बसतो?

चार अंक मोठ्यापासून लहानाकडे लावा. पहिला आणि शेवटचा यांतलं अंतर म्हणजे बाहेरचं अंतर, मधल्या दोघांतलं ते आतलं अंतर. पहिल्या वजाबाकीचं उत्तर या दोन अंतरांवरच ठरतं. ते असतं ९९९ गुणिले बाहेरचं अंतर, अधिक ९० गुणिले आतलं अंतर. २२२१मध्ये बाहेरचं अंतर १, आतलं ०, म्हणून ९९९. उत्तर हजाराच्या आत यायचं असेल तर बाहेरचं अंतर १च हवं आणि आतलं शून्य, कारण आतलं १ झालं की उत्तर १०८९ होतं आणि चौथं घर भरतं. म्हणजे अट अशी निघाली की तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा एकानं कमी किंवा जास्त.

आता मोजणी. शेजारच्या अंकांच्या जोड्या नऊ: ० आणि १ पासून ८ आणि ९ पर्यंत. प्रत्येक जोडीतून आठ मांडण्या होतात, एकूण ७२. त्यातल्या ज्या शून्यानं सुरू होतात त्या चार (०००१, ००१०, ०१००, ०१११) चार अंकी संख्याच नव्हेत, त्या काढल्या. उरल्या ६८. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांत फक्त ६८, म्हणजे शंभरात एकही नाही. ११११ ते ९९९९ या नऊ सारख्या अंकांच्या संख्या तर कुठल्याही नियमानं शून्यालाच जातात. शून्य टाकून खेळणाऱ्याला अशा सगळ्या मिळून ७७ संख्या बुडवतात.

६८ कमी वाटतात, पण माणसं संख्या निवडतात ती डोळे मिटून नव्हे. त्यात १००० आहे, आणि ‘कोणतीही संख्या’ म्हटल्यावर १००० म्हणणारा एक तरी निघतोच. मुलं तारखा घेतात. १० नोव्हेंबर १०११, ११ जानेवारी ११०१, ११ डिसेंबर १११२, २१ नोव्हेंबर २१११, ही सगळी त्या ६८मधली. आणि २२ डिसेंबर. राष्ट्रीय गणित दिनाची तारीखच ६१७४चा खेळ मोडणारी आहे, हे कळल्यावर मी वही मिटली आणि बायकोला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. एवढंच.

दुसरी शंका पहाटे आली. पहिल्या पायरीतून वाचलेली संख्या पुढच्या एखाद्या पायरीत या खड्ड्यात पडू शकते का? उत्तर: नाही, आणि कारण छान आहे. प्रत्येक वजाबाकीचं उत्तर नऊनं भागलं जातं. खड्ड्यातल्या छापाच्या संख्यांत अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात येणारे संच दोनच, २-२-२-३ आणि ६-७-७-७. त्यांच्या बेरजा ९ आणि २७. आतलं अंतर शून्य नसेल तर उत्तराच्या अंकांची बेरीज नेहमी १८ येते, म्हणजे दोन्ही संच बाद. आतलं अंतर शून्य असेल तर बेरीज २७ येते खरी, पण त्या उत्तरात दोन नऊ असतातच, आणि ६-७-७-७मध्ये एकही नाही. तेव्हा धोका फक्त पहिल्या पावलाला. होडी किनाऱ्यावरून सुटताना पहिल्या लाटेत हेलकावते, पुढे खोल पाण्यात नाही, तसं.

याच हिशेबातून ६१७४ का, हेही अर्धं दिसतं. बाहेरचं अंतर १ ते ९, आतलं ० पासून बाहेरच्याइतकं, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ९००० संख्यांची फक्त ५४ उत्तरं उरतात. अंकांचा क्रम विसरलात तर ३० संच. एवढे ३० संच आठवीतला वर्ग एका तासात फळ्यावर बाणांनी जोडू शकतो. सगळे बाण ६-१-७-४ या संचाकडे येतात. बाहेरचं अंतर ६, आतलं २: ५९९४ अधिक १८०. माझ्या मते खेळापेक्षा हा बाणांचा तक्ता जास्त शिकवतो, आणि आपण तो कधीच लावत नाही.

कापरेकर मास्तर

हे सगळं करताना एक माणूस डोळ्यांसमोर होता, आणि त्याला आम्ही तक्त्यावर फार सपाट करून टाकला होता. ‘थोर भारतीय गणितज्ञ’, खाली जन्मतारीख, फोटो. मुलीच्या प्रश्नानंतर मी तो मजकूर नव्यानं लिहायला घेतला.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. म्हणजे आपल्याच किनारपट्टीचं उत्तर टोक, आज चिकूसाठी ओळखलं जाणारं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद. कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि पोराला आकड्यांची गोडी घरातूनच लागली. शालेय शिक्षण ठाण्याला. १९२३मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक मिळालं.

या नावाशी आम्ही थांबतो. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुर्डीचे, आमच्याच तालुक्यातले, आंजर्ल्याजवळचे. १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय. त्यांना गणिताकडे वळवणारं घरचं माणूस म्हणजे मुरुडचे धोंडो केशव कर्वे, तेही फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत. डहाणूच्या पोराला मिळालेलं पारितोषिक मुर्डीच्या माणसाच्या नावचं, हे मुलांना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. मुर्डी त्यांना माहीत असते, तिथं कुणाची तरी आत्या असते.

१९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले. पुढची पदवी घेतली नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. बत्तीस वर्षं. दिवसा वर्ग, उरलेल्या वेळात आकडे. दारुड्याला जशी दारू सोडवत नाही तसं मला आकड्यांचं आहे, असं ते स्वतःच म्हणत.

त्यांची नावं ठेवण्याची तऱ्हा मला फार आवडते. मोठ्या पदव्या नसलेल्या माणसाला लॅटिन-ग्रीक नावं सुचत नाहीत, त्याला स्टेशनं सुचतात. १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेमलो’ म्हटलं, कारण ती कल्पना आली ती मुंबईपासून तीस मैलांवरच्या तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या स्टेशनात, जे आज डोंबिवली म्हणून सगळ्यांना माहीत आहे. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २३ मध्ये ५ मिळवून २८, त्यात १० मिळवून ३८, मग ४९, ६२, ७०. आता उलट विचारा, कुठल्याच संख्येपासून अशी जन्मत नाही अशी संख्या कोणती? २०, ३१, ४२, ५३ या तशा. त्यांना नाव दिलं स्वयंभू, आणि दुसरं नाव ‘देवळाली संख्या’. आईबाप नसलेली संख्या स्वयंभू. कोकणातल्या मुलाला हे समजावावं लागत नाही, गावात एखादा तरी स्वयंभू गणपती किंवा महादेव असतोच. उलट काही संख्यांना दोन-दोन जन्मदाते: ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१.

आणि हर्षद संख्या. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती आनंद देणारी. ६१७४च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ म्हणजे १८ गुणिले ३४३. रामानुजनांच्या नावाशी जोडलेली १७२९ म्हणजे १९ गुणिले ९१. मास्तरांचं जन्मसाल १९०५ म्हणजे १५ गुणिले १२७. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं आपली २२१२ही तपासली: बेरीज ७, सात त्रिक एकवीस करत करत ३१६. हर्षद निघाली. त्या दिवशी तिचा राग थोडा निवळला असं मला वाटलं.

६१७४ त्यांना १९४६मध्ये सापडली. १९४९ साली त्यांनी ती मद्रासच्या गणित परिषदेत मांडली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ‘एकट्यानं खेळायचा आणखी एक खेळ’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली लिहिली. हा मथळा मी मुलांना मुद्दाम सांगतो. सिद्धांत नाही, प्रमेय नाही, खेळ. एकट्यानं खेळायचा.

त्या काळात देवळालीच्या मास्तरासमोर पडदा नव्हता. कागद, पेन्सिल आणि उभी मांडणी. उभ्या मांडणीत हजाराचं घर कुठे जात नाही, त्यात काही नसलं तरी ते घरच राहतं. म्हणून हाताचा हिशेबी माणूस या खड्ड्यावरून चालत जातो आणि त्याला खड्डा दिसतही नाही, माझ्यासारखा. आमच्या मुलीनं यंत्र वापरलं म्हणून तो दिसला. ‘कॅल्क्युलेटर आला आणि मुलांचं गणित गेलं’ असं आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये चहाबरोबर म्हणत असतो. या प्रकरणात तरी उलटं झालं.

ते ‘खरं’ गणित होतं का

हा प्रश्न वर्गात आला नाही, पण तो टाळून कापरेकरांवर लिहिता येत नाही. हयातीत बराच काळ देशातल्या गणितज्ञांनी त्यांचं काम किरकोळ मानलं. आकडे दशमान पद्धतीत लिहिले म्हणून दिसणारी गंमत, पद्धत बदला की गंमत गेली, असा आक्षेप. आक्षेप खोटा नाही. खुद्द जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजनांना केंब्रिजला नेलं, त्यांनी १९४०मध्ये अशाच अंकांच्या गमतींचं उदाहरण देऊन ठेवलं आहे: ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात (२१७८ची चौपट आणि १०८९ची नऊपट), आणि अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यात काही नाही. सहा वर्षांनी देवळालीत ६१७४ सापडली. हार्डींच्या तराजूत ती त्याच पारड्यात गेली असती.

मला स्वतःला हार्डींचं म्हणणं त्यांच्या जागी पटतं. रामानुजनांचं काम आणि ६१७४ एका फळ्यावर लिहून दोघांना सारखंच ‘थोर’ म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे, आणि आमचा जुना तक्ता तेच करत होता. पण आठवीच्या मुलीला रामानुजनांच्या कामात शंका काढायची वाटच नाही. ६१७४मध्ये ती पहिल्याच दिवशी शंका काढू शकली, आणि ती शंका खरी होती. कापरेकरांचं गणित या उंचीवर उभं आहे, मुलाच्या हाताला लागेल इतक्या. हे मोठेपण वेगळ्या जातीचं आहे, त्याला उगाच दुसऱ्याचं नाव द्यायचं कारण नाही.

मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि मग जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. पत्नी १९६६ला गेली होती, निवृत्तिवेतन पुरत नव्हतं म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९८६मध्ये ते गेले. शिकवण्यांचं वाक्य मी तक्त्यावर घालू का म्हणून विचारात होतो. घातलं.

काय बदललं

तक्त्यावरची ‘कोणतीही चार अंकी संख्या’ ही ओळ तशीच ठेवली, पण खाली जाड शाईत लिहिलं: ‘चार घरं कायम. घर रिकामं राहिलं तर शून्य मांडा.’ मुलीनं त्याच्या पुढची गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. तिनं वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येकीवर चार-चार चौकटींच्या ओळी आखल्या. चौकट दिसली की माणूस ती भरतो. सांगावं लागत नाही. आईचा कॅल्क्युलेटरही तिनं बाकावर ठेवला, बाजूला २२१२चे दोन रस्ते लिहून: चौकटीचा रस्ता पाच पायऱ्यांत ६१७४ला, मशिनचा रस्ता दोन पायऱ्यांत शून्याला. येणाऱ्याला दोन्ही करून बघायला लावायची. तिची आई आली तेव्हा पाटी वाचून म्हणाली, “म्हणजे चूक मशिनची नाय ना?” मुलगी म्हणाली, “नाय. सरांनी सांगितलंच नव्हतं.” मी तिथंच उभा होतो.

वर्गासाठी दोन अंकी आणि तीन अंकी खेळ मी नंतर लावले. तीन अंकांत सगळं ४९५ला येतं, पण तिथंही २११ घेतली की पहिल्याच वजाबाकीत ०९९, तोच खड्डा. दोन अंकांत एका जागी थांबणंच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, गोल फेरी. शून्य टाकलंत तर ९ वजा ९, संपलं. या वेळी वर्गानं स्वतःच घरं आखून घेतली.

जानेवारीत एका मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरची मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, डावीकडच्या शून्याला किंमत नाही म्हणतात ना, म्हणून तिनं ६१७४च्याच डावीकडे एक शून्य लावलं आणि पाच घरं आखली. ०६१७४. किंमत तीच, घर एक जास्त. वहीत असं होतं:

७६४१० वजा ०१४६७, ७४९४३.
९७४४३ वजा ३४४७९, ६२९६४.
९६६४२ वजा २४६६९, ७१९७३.
९७७३१ वजा १३७७९, ८३९५२.
९८५३२ वजा २३५८९, ७४९४३.

शेवटच्या ओळीखाली तिनं पेन्सिलनं बाण काढून तो पहिल्या ओळीला नेऊन जोडला होता. “सर, हे आता थांबत नाय,” ती म्हणाली. मी वजाबाक्या तपासायला वही मागितली. तिनं दिली, आणि सोबत कॅल्क्युलेटरही दिला.